ऑर्फाच्या पर्समधल्या पाच गोळ्या

प्रिय टॅमरा,

वेंडल टॅकेट तुझ्या आईच्या घरात राहायला आला, तेव्हापासून दर रविवारी तू मला एकच विचारतेस, "मावशी, माणूस कसा आहे गं?" आणि दर रविवारी मी काहीतरी अर्धंमुर्धं सांगून तुझी बोळवण करते. परवा शनिवारी मात्र मीच होऊन तुला फोन केला, आणि ऐकून तिकडे टल्सा शहरात तुला रडू फुटलं. जे झालं ते पहिल्यापासून सांगितल्याशिवाय तुला कळायचं नाही, म्हणून आज दुकानाच्या गल्ल्यामागे बसून लिहिते आहे. लांबण लागेल. पण तू नर्स, म्हाताऱ्यांची लांबण ऐकण्याचाच तुला पगार मिळतो.

माझी सवय तुला ठाऊक आहे. मी माणसाच्या तोंडाकडे नंतर बघते, आधी कमरेकडे. तुझ्या हॉइटकाकांच्या या दुकानात एका बाजूला कोंबड्यांच्या खाद्याची पोती आणि दुसऱ्या बाजूला काचेच्या कपाटात पिस्तुलं, आणि त्या दोन्हींच्या मध्ये माझा जन्म गेला. शाळेत मला कुणी हे शिकवलं नाही. स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुनं फडकं अंथरून एकेक हत्यार खोलायचं, पुन्हा जोडायचं, आणि स्क्रू उरला तर परत खोलायचं, असं करत शिकले. त्यातून एक कळलं. कोण काय बाळगतो, त्यावरून तो कशाला भितो ते समजतं. आमच्या पाद्रीबुवांचं ते चांदीसारखं चकाकणारं, नक्षीच्या मुठीचं धूड बघ. त्यांना चोराची भीती नाही, आपल्याकडे कुणी बघणार नाही याची आहे. तू ते चपटं काळं घेतलंस, सतरा गोळ्यांचं. मी म्हटलं होतं, "सतरा कशाला? चुकायचं ठरवूनच घराबाहेर पडतेस का?" त्यावर तू म्हणालीस, "आणि मावशी, तुझं ते लोढणं कोटात घालून हिंडण्यापेक्षा अंगणातली पहार का नाही घेत?" पहार मुठीत बसत नाही म्हणून नाही घेत. बाबांचं हे लांब नळीचं पोलादी रिव्हॉल्व्हर जड आहे, कोटाचा खिसा ओघळतो, पण जड हत्यार हातात उडत नाही. आणि तुझ्या त्या पिस्तुलाचा वरचा भाग मागे खेचायला बोटांत जेवढा जोर लागतो, तेवढा माझ्या सुजलेल्या सांध्यांत उरलेला नाही.

तुझ्या आईच्या, ऑर्फाच्या, हत्याराची निवड तर मीच करून दिलेली. आखूड नळीचं, पाच गोळ्यांचं, अक्रोडाच्या लाकडाच्या मुठीचं. पर्समध्ये रुमालात नि पेपरमिंटच्या पुडीत मागचा घोडा अडकायचा, म्हणून त्याचं वरचं टोक मी कानशीनं घासून दिलं. पाचच का, असं कुणी विचारलं की ऑर्फा म्हणते, "पाचात जो ऐकत नाही, तो सहाव्याला काय ऐकणार?" ती पर्स तिच्यापासून कधी लांब नसते. चर्चमध्ये डाव्या पायाखाली, जेवताना मांडीशी. चालताना खांद्याला तिचा भार जाणवला नाही, तर बाई मधेच थांबून चाचपून बघते.

आणि अशा घरात हा वेंडल आला. पानगळीच्या दिवसांत कुंपण दुरुस्त करायला म्हणून आला आणि राहिलाच. तिनं त्याला पहिल्यांदा माझ्यासमोर आणून उभा केला, तेव्हा मी सवयीनं कंबर बघितली, जाकिटाची बगल बघितली, बुटाचा घोटा बघितला. कुठेच काही नाही. मी विचारलं, "तुम्ही काय बाळगता?"

"काही नाही, बाई."

"म्हणजे ट्रकमध्ये असेल."

"ट्रकमध्ये पाना आहे."

हॉइट पोत्यांमागून हसला. "नेटी, शेवटी भेटला बघ तुला एकजण, ज्याला तू काही विकू शकत नाहीस." ऑर्फाही हसली. मला काही हसू आलं नाही. सत्तरीचा माणूस, याच डोंगरात वाढलेला. इथे लाकडाच्या ढिगात साप, रस्त्यावर पिसाळलेली कुत्री, आणि हाक मारली तर शेरीफचा माणूस यायला पाऊण तास. आणि हा रिकामा हिंडतो? एकतर कायद्यानं याला बाळगायची बंदी असणार, म्हणजे आत जाऊन आलेला. नाहीतर याला काहीतरी लपवायचं असणार. मनात पाल चुकचुकली ती तेव्हा.

मग एकेक गोष्ट कानावर यायला लागली. हॉइटला शेजारच्या गावच्या गहाणवट दुकानात कळलं की वेंडलकडे फौजेतून आल्यापासून वापरातलं एक चांगलं पिस्तूल होतं आणि ज्या आठवड्यात तो तुझ्या आईकडे राहायला आला, त्याच आठवड्यात त्यानं ते विकलं. माझं काचेचं कपाट सोडून इतक्या लांब जाऊन. बरं, विकलं तर विकलं. पण मग थंडीत, मी नसताना, त्यानं हॉइटकडून काडतुसातली गोळी उपसायचा छोटा हातोडा नेला. ज्याच्याकडे बंदूक नाही, त्याला काडतुसं खोलायची कशाला असतात?

तुझ्या आईचा फोन लावला की तोच उचलायचा. तिला गाडी चालवू देईना. रविवारी चर्चमधलं संध्याकाळचं गाणं सुरू व्हायच्या आधी तो तिच्या कोपराला धरून तिला बाहेर न्यायचा. दिवस कलला की ऑर्फा कुणाला म्हणून दिसायची नाही. मी मुद्दाम एकदा संध्याकाळची गेले, तर दारातच आडवा. "आत्ताच डोळा लागलाय तिचा, नेटीबाई. सकाळी या ना." आतून भांड्यांचा आवाज येत होता. झोपलेली बाई भांडी वाजवत नाही.

सकाळी भेटली की ती आपली नेहमीची ऑर्फा. माझ्या केसांना नावं ठेवायची, पाद्रीबुवांची नक्कल करायची. पण एकदा माझ्या ओट्याशी येऊन अगदी हळू आवाजात म्हणाली, "नेटी, माझ्या घरात कुणीतरी वस्तू हलवतं गं. काल चमचे न्हाणीघरात सापडले. माझा चष्मा पिठाच्या डब्यात." मी विचारलं, "वेंडल?" ती म्हणाली, "कोण असेल दुसरं?" आता सांग, मी काय समजायचं? बाईला वेडी ठरवून घर बळकावणाऱ्यांच्या गोष्टी मी या गल्ल्याशी कमी ऐकलेल्या नाहीत.

ईस्टरनंतरच्या शनिवारी आपल्या घरात काय करतात, ते तुला सांगायला नको. वर्षभर अंगावर बाळगलेली काडतुसं घाम नि धूळ खाऊन खराब होतात, म्हणून बाबांनी घालून दिलेली रीत: खडीच्या खाणीत जायचं, जुनी सगळी उडवून टाकायची, नवी भरायची, आणि मग मक्याचा पाव नि घेवडा खाऊन घरी यायचं. यंदा तू नव्हतीस. वेंडल ऑर्फाला ट्रकमधून घेऊन आला आणि खाली उतरायच्या आधीच कुरकुरायला लागला. "आज राहू दे, ऑर्फा. वारा फार आहे."

"वारा माझ्या गोळीला काय करणार आहे?" म्हणत ती उतरली. तो ट्रकमध्येच बसून राहिला. काचेतून मला त्याचा चेहरा दिसत होता, पिठासारखा झालेला.

माझं आटोपल्यावर ऑर्फा उभी राहिली, दोन्ही हातांनी धरून, अगदी बाबांनी शिकवलं तशी. चाप ओढला. टक. पुन्हा ओढला. टक. पाचही वेळा टक. समोर मांडलेल्या पत्र्याच्या डब्याला साधा ओरखडा नाही. पाचातली एखादी गोळी दगा देते, पाच नाही देत. मी रिव्हॉल्व्हर घेऊन त्यातल्या गोळ्या तळहातावर ओतल्या. प्रत्येकीच्या बुडावर घोड्याचा ठसा स्वच्छ उमटलेला, म्हणजे हत्यारात खोट नाही. आणि टॅमरा, त्यातल्या एकीच्या बुडावर दोन ठसे होते. त्यातला एक जुना, काळवंडलेला. त्या दिवसाच्या आधी केव्हातरी कुणीतरी तो चाप ओढलेला होता.

मी ऑर्फाला म्हटलं, "ओल लागली असेल," आणि माझ्या खिशातल्या पाच नव्या, चांगल्या गोळ्या तिच्या रिव्हॉल्व्हरमध्ये भरल्या. मग तिच्या कानाशी लागून म्हटलं, "ही पर्स त्याच्या हाताला लागू देऊ नकोस."

"कुणाच्या?"

मी हनुवटीनं ट्रककडे खूण केली. ऑर्फा डोळे बारीक करून बराच वेळ तिकडे बघत राहिली. मग माझं मनगट दाबून म्हणाली, "बरं केलंस सांगितलंस."

घरी येऊन मी एक काडतूस खोललं. आत दारूचा कण नाही, नुसता तेलाचा वास, म्हणजे बुडाची ठिणगीही तेलानं मारलेली. पाचही तशीच, आणि वरून गोळी इतकी नीट बसवलेली की माझीही नजर फसली असती. मग मी तुला फोन केला. म्हटलं, या माणसानं तुझ्या आईला निःशस्त्र केलं आहे आणि ते तिला कळू दिलं नाही; पुढे त्याच्या मनात काय आहे, देव जाणे. तू म्हणालीस, घराचे कागद तुझ्या नावावर आहेत, येत्या शनिवारी शेरीफच्या माणसाला घेऊन येतेस आणि त्याचं सामान अंगणात काढतेस. मी म्हटलं, ये.

सोमवारी दिवस कलताना वेंडल दुकानात आला. हॉइट पोती पोचवायला गेला होता. दाढी वाढलेली, कपडे ट्रकच्या सीटवर चुरगळलेले. तो काचेसमोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "नेटीबाई, त्या पाच तुम्ही बदलल्यात का?"

माझा हात कोटाच्या खिशात गेला. म्हटलं, "बदलल्या. आता वाजतील."

त्यानं दोन्ही तळवे काचेवर ठेवले. मला वाटलं अंगावर येतोय. पण त्याला नुसता आधार हवा होता. म्हणाला, "तरीच. माझ्यापासून जप, असंही तिला सांगितलं असेल तुम्ही. शनिवारपासून ती मला अंगणातूनच हाकलते. आधी निदान दिवसा ओळखायची."

 मग तो एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखा बोलत गेला. दिवस उतरला की ऑर्फाला घर परकं होतं. चमचे तीच नेऊन ठेवते, आणि मग चोर शोधते. तो राहायला येण्याआधीच त्याच्या हे ध्यानात आलं होतं, आणि खरं म्हणजे म्हणूनच तो राहायला आला. मी विचारलं, "आणि तुमचं पिस्तूल? ते का विकलंत?"

"बाई, चाळीस वर्षं ते माझ्या कमरेला होतं. समोरून कुणी हत्यार काढलं की माझा हात मला विचारत नाही. एखाद्या संध्याकाळी तिनं काढलं असतं, आणि माझ्या हातानं..."

"मग तिचंच काढून घ्यायचं."

"घेतलं होतं. एकदा लपवलं. पर्स हलकी लागली म्हणून तिनं सगळं घर उपसलं, आणि मग पाव कापायची सुरी घेऊन कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून बसली. ते जवळ असलं की शांत असते. म्हणून मग मी त्या पाच केल्या. तेवढ्याच वजनाच्या." 

मी त्या दोन ठशांबद्दल विचारलं. त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली. "फेब्रुवारीत. मी लाकडं घेऊन आत आलो होतो. माझ्या छातीवर धरून तिनं चाप ओढला. टक झालं. मग तिनं ते पर्समध्ये ठेवलं आणि मला विचारलं, कॉफी घेणार का. मी म्हटलं, घेईन."

टॅमरा, मी कोटाच्या खिशातून हात काढला तो कसा काढला, माझं मला ठाऊक. दुकानाला कुलूप न लावताच आम्ही निघालो.

घरी पोचलो तेव्हा ऊन परसातल्या झाडांखाली गेलं होतं. ऑर्फा टेबलाशी घेवड्याच्या शेंगा मोडत बसली होती. मी आत शिरले, वेंडल उंबऱ्यापाशी थांबला. तिनं मान वर केली. मला ओळखलं, आणि मग नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली. "नेटी," ती हळूच म्हणाली, "तुझ्यामागे एक माणूस आलाय. ओळखतेस त्याला?" तिचा उजवा हात शेंगांवरून उठून पर्समध्ये गेलेला होता. त्यात माझ्या गोळ्या होत्या. वेंडल जागचा हलला नाही, दाराआडही झाला नाही. त्याला माहीत होतं की हललेला माणूस जास्त भीती घालतो.

ती समोर, तो मागे, आणि मध्ये मी. मी तिला समजावू लागले असते तर ती घाबरली असती. हिसकायला गेले असते तर चाप ओढला गेला असता. काय सुचलं कुणास ठाऊक, मी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले आणि बाबांच्या आवाजात म्हटलं, "चल, साफ करायची वेळ झाली. दाखव बघू." आमच्या घरी टेबलावरून कुणाच्या हातात भरलेलं हत्यार द्यायचं नाही. आधी गोळ्यांचं चक्र उघडायचं, गोळ्या तळहातावर ओतायच्या, रिकाम्या जागेत करंगळी घालून समोरच्याला दाखवायची, आणि मगच द्यायचं. विसरेल त्याला त्या दिवशी जेवण नाही. ऑर्फाचे डोळे वेंडलवरच होते, पण हात टेबलावर आले. चक्र उघडलं. पाच गोळ्या तळहातात पडल्या. करंगळी घातली, दाखवली, आणि मूठ माझ्याकडे करून तिनं ते मला दिलं, जणू बाबा अजून टेबलाच्या टोकाशी बसलेले आहेत.

वेंडलनं नव्या पाच पोकळ करून शर्टाच्या खिशात ठेवल्या होत्या. त्या त्यानं लांबूनच टेबलावर ठेवल्या; माझ्या पाच मी कोटाच्या खिशात टाकल्या आणि त्या भरल्या. ऑर्फानं रिव्हॉल्व्हर तोलून बघितलं, पर्समध्ये टाकलं, पर्स डाव्या पायाखाली घेतली. मग मला म्हणाली, "त्या माणसाला म्हणावं, उभा काय राहिलास, शेंगा मोडायला बस." तो बसला. मी त्यांच्याबरोबर जेवले. जेवताना तिनं त्याला दोनदा विचारलं, "तुमचं गाव कुठलं?" दोन्ही वेळा त्यानं तितक्याच अगत्यानं सांगितलं.

तुला काही कळवू नका, असं त्यानं मला विनवलं होतं. तू तिला एखाद्या संस्थेत ठेवशील, ही त्याला धास्ती. मी त्याला शब्द दिला, आणि दुसऱ्याच दिवशी मोडते आहे, कारण एक गोष्ट त्याच्याही लक्षात आलेली नाही. शनिवारी तू येशील, तुझ्या मागून शेरीफचा माणूस पायऱ्या चढेल. त्या गणवेशातल्या परक्याला बघून तुझी आई पर्समध्ये हात घालेल आणि ते बाहेर काढेल. तिच्या गोळ्या वाजणार नाहीत. त्याच्या वाजतील. दोनदा तुझ्या फोनच्या निरोप घेणाऱ्या यंत्राशी बोलायला गेले, पण हे वाक्य यंत्राला सांगवेना. म्हणून हॉइट उद्या माल आणायला टल्साला येतोय, त्याच्या हाती हे पत्र देते आहे, आणि तू वाचून होईपर्यंत तिथून हलू नको म्हणून त्याला बजावलंय. त्या शेरीफच्या माणसाला आजच नको म्हणून सांग. तिला डॉक्टरकडे न्यायचं, पुढे काय करायचं, हे तू आल्यावर आपण तिघं बसून ठरवू, आणि तुझं म्हणणं वेंडलला ऐकावं लागेल, मलाही. पण ये ती एकटी ये. तुझं ते सतरा गोळ्यांचं गाडीत कुलपात ठेव. आणि लहानपणापासून मागच्या दारानं हाक न मारता घुसतेस, तशी घुसू नकोस. वेंडल रोज सकाळी गुरांना वैरण घालून आला की जाळीच्या दाराबाहेर उभा राहतो, टोपी काढतो आणि म्हणतो, "मी वेंडल टॅकेट. कॉफीला येऊ का?" आणि ती ये म्हणेपर्यंत बाहेरच थांबतो, मग थंडी असो की काही असो. तशीच तूही उभी राहा. आपलं नाव सांग, तिची मुलगी आहेस हेही सांग, आणि तिनं बोलावलं की मग आत जा.

तुझीच, तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
नेटी मावशी